आत्ता कुठे आहात?

नाव, जन्मतारीख, आणि मग दर वेळी हाच प्रश्न :
"नेकाने, आत्ता तुम्ही नेमक्या कुठे आहात?"
नियम आहे म्हणे. बोलता बोलता काही झालंच
तर माणूस कुठे पाठवायचा, तिला ठाऊक हवं.

मी सांगते : ईली गाव, लायब्ररीचं मागचं आवार,
शाळेची बस, नंबर चौदा.
सकाळची फेरी झालेली, दुपारची व्हायची आहे.
घरी नेट नाही. इथे ते भिंतीतून झिरपतं,
तिसऱ्या खिडकीशी बसलं तर तिचा चेहरा धड दिसतो.

ती रीनोला, पाचशे किलोमीटरवर.
तेओदोरा मागबानुआ.
डॉक्टर नव्हे, नर्स; पण औषध लिहून देण्याइतकी शिकलेली.
तिच्या मागे इस्त्रीचं टेबल, त्यावर एकच उशीचा अभ्रा,
सहा आठवडे झाले, अजून इस्त्रीविना.
मला तो बघून बरं वाटतं.

मग ते नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत
झोप? भूक? आपण वाया गेलो असं वाटणं?
मुळीच नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.
मी भाव सांगितल्यासारखी उत्तरं देते.
नवव्याला ती चष्मा काढते आणि कागदात न बघता विचारते.
"मुळीच नाही," मी म्हणते.

फेब्रुवारीत केल्टन मागच्या बाकावर झोपून राहिला.
सहा वर्षांचा. मी कुलूप घालून निघून गेले.
फेरी संपली की शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं असतं.
एकोणीस वर्षं गेले. त्या दिवशी नाही गेले.
थर्मास विसरला म्हणून परतले, अकरा मिनिटांनी.
तो काचेवर बोटानं घोडा काढत होता.
रडलासुद्धा नाही.
रडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

गोळी पन्नासची, मग पंच्याहत्तरची.
तोंड कोरडं पडतं. पहाटे तीनला जाग येते,
पण आता साडेतीनला. तिनं तेही लिहून घेतलं.

आणि एका मंगळवारी
मी लायब्ररीशी वळलेच नाही.
बस सरळ पन्नास नंबरच्या रस्त्याला लागली,
दोन्हीकडे सेजची खुरटी झुडपं, वर वारा.
तलावाच्या फाट्याशी थांबले. चावी काढली.
सव्वादहाला फोन वाजला.
एकच दांडी होती. चित्र नाही, नुसता आवाज.

"आत्ता कुठे आहात?"
लायब्ररी, म्हणाले.
ती गप्प. मग : "लायब्ररीत एवढा वारा?"

मला खोटं कधी नीट जमलं नाही.
मैलाचा दगड सांगितला. नवव्याचं खरं उत्तरही सांगितलं.
ती दचकली नाही, की गोडही बोलली नाही.
"दुपारच्या फेरीचं शाळेला तुम्ही कळवता की मी?
आणि तुमच्याकडे यायला कोण आहे?"
आहे एक. मावसभाऊ, इनाकी, मेंढ्यांच्या औषधांचं दुकान चालवतो.
दुसऱ्या फोनवर त्याचा नंबर फिरवल्याचं मला ऐकू आलं.

"तो येईपर्यंत मी आहे.
तोवर मला बस दाखवा. मला दिसत नाहीये, तेव्हा बोलून."
मी उठले. एकेक बाक.
लाल हातमोजा, डाव्या हाताचा.
संत्र्याची सालं.
तेराव्या बाकावर कुणीतरी खरवडलेलं अर्धं शिवीचं अक्षर.
"शेवटच्या बाकावर?"
कुणी नाही.
"नक्की बघितलंत?"

वारा बसला आतून ऐकू येत होता.
मी तिथेच बसले, गुडघे समोरच्या बाकाला टेकवून,
सहा वर्षांचं पोर बसेल तशी.
म्हणाले : आहे. एक आहे.
"ठीक," ती म्हणाली, "मग आपण थांबू."

इनाकी आला तेव्हा त्याच्या हातांना मेंढ्यांचा वास होता.
त्यानं काही विचारलं नाही, चावी घेतली.

त्यानंतर महिनाभर दर तीन दिवसांनी फोन.
गोळी बदलली. तोंड अजून कोरडंच.
अभ्र्याला इस्त्री झाली. जरा वाईट वाटलं.

आज विचारलंन् तेव्हा मी सांगितलं : ईली,
लायब्ररीचं मागचं आवार, तिसरी खिडकी.
आणि फोन उलटा फिरवून तिला खिडकी दाखवली,
काचेवर ऊन येतं तेव्हाच दिसणारा
तो पुसट घोडा.