पंचवीस अंकी

सेगेदच्या मिरचीच्या गिरणीत हिशेबनीस होती ओर्शोया.
गिरणी बंद पडली. आता ती
मेजावर पेन्सिलीने एक संख्या वाढवते,
उजवीकडे एकेक अंक:
छत्तीसला दोनाने भाग, तीनशेसाठला तीनाने,
तीन हजार सहाशे आठला चाराने,
बाकी काही नाही.
सात नेहमी अडून बसतो,
इथे तोही मुकाट.

तिसा नदीवर धुकं. चहा गार.
पंचविसावा अंक पाच.

पुढे शून्यापासून नवापर्यंत
सगळे लावून पाहिले;
सव्विसाने भाग जाईना.

‘मग उपयोग काय तिचा?’ फोनवर भाऊ.
उपयोग नाही रे.
पण एवढी लांब गेली,
वाटेत कुणाचं काही बुडवलं नाही.

गिरणीने माझे तीन पगार बुडवले.