उमे

हिसाए-सान पहिल्यांदा म्हणाली, "उमे",
तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी हाक मारतेय.
आमच्या आळीत अशीच यायची दुसऱ्या मजल्यावरून,
आणि खालची उमा टिक्करचा डाव मोडून
लंगडी घालतच जिना चढायची.

मी चाकणला भाषांतर करते.
बोल्ट किती आवळायचा, तेल कधी बदलायचं,
हात कुठे घालायचा नाही,
हे सगळं मला दोन्हीकडून येतं.
फुलांचं येत नाही.
कोशात उमेपुढे लिहिलंय: आलुबुखार.
आलुबुखार म्हणजे मार्केट यार्डातलं खोकं,
कागदाच्या कातरणात रुतलेलं जांभळं आंबट.
त्यातून बर्फात उमलणारं काही निघेना.

तिच्या भिंतीवर बहिणीने धाडलेलं कॅलेंडर.
वर्षाचे बहात्तर तुकडे, दर पाच दिवसांचा एक ऋतू:
कोंबड्या अंडी घालू लागतात.
पूर्वेचा वारा बर्फ सैल करतो.
बाणेर, अकरावा मजला. खाली क्रेन.
ती बाल्कनीची धूळ पुसायची आणि क्रम सांगायची,
आधी सुइसेन, मग मेणासारखं पिवळं रोबाई,
मग त्सुबाकी, मग उमे,
आणि मग कुठे साकुरा.
"साकुराला सगळेच येतात," ती म्हणाली.
"उमेला येतात ते स्वेटर घालून."

जानेवारीत एका रविवारी तिला
सिंहगड रोडच्या जपानी बागेत नेलं.
पूल होता, पाणी होतं, मासे होते.
हिरवळीवर टेकलो तर शिट्टी वाजली.
ती उठली, रखवालदाराला कमरेत वाकून नमस्कार केला,
तो इतका गोंधळला की त्यानेही केला.
फुलात फूल म्हणजे बोगनवेल.

फेब्रुवारीत मीच म्हटलं, टेकडीवर चल.
काटेसावर. पान एक नाही,
नुसत्या लाल वाट्या, आणि त्यांत मैनांची भांडणं.
आम्ही खाली उभ्या होतो आणि
थप्प.
अख्खं फूल. पाकळी पाकळी नव्हे, अख्खं,
ओल्या फडक्याचा पिळा टाकावा तसं.
तिने माझा दंड धरला.
त्सुबाकी असंच पडतं, म्हणाली,
म्हणून आजाऱ्याला नेत नाहीत.
सासऱ्यांना कुणीतरी नेलं होतं. ती हसली, मग हसली नाही.

वाट झाडणारी बाई खराटा टेकून बघत होती.
"न्या की. भाजी बी करत्यात कळ्यांची."
नाव विचारलं. शेवंता.
मी जपानीत सांगितलं: किकु.
हिसाए-सानने पदर धरावा तसा तिचा
महापालिकेचा जाकीट धरला.
तिची आजी किकु. अकिताची.
"विचार हिला," मला म्हणाली, "फेब्रुवारीत कशी फुललीस?"
मी विचारलं.
शेवंताबाई म्हणाल्या, "साडेपाचला उठून."

मार्चमध्ये नवऱ्याची बदली झाली.
कॅलेंडर ती मला ठेवून गेली.
पूर्वेच्या वाऱ्यानंतर दोन घरं सोडून
तिच्या बारीक अक्षरात, वेड्यावाकड्या देवनागरीत:
सावर पडते. आवाज येतो.
पुढची घरं कोरी आहेत.
करंज कधी लिहू, मोगऱ्याला किती दिवस देऊ,
पाच पुरतील का?

परवा फोटो आला. काळी फांदी, पाच पांढरी फुलं,
मागे कुणाचं तरी नाक, थंडीने लाल.
मी उमाचा नंबर शोधला. सतरा वर्षांनी.
"उमे," म्हटलं, "तुझ्या नावाचं एक फूल असतं."
"कोण बोलतंय?"
सांगितलं.
"कसलं फूल?"
"पांढरं. थंडीत येतं. सगळ्यांच्या आधी."
पलीकडे बँकेतली गर्दी, पंखा, कुणाचं तरी खोकणं.
"थांब हं," ती म्हणाली,
"माझं टोकन पुकारताहेत. फोन ठेवू नकोस."

मी ठेवलेला नाही.