कळ

शेवयांचं रिकामं खोकं उलगडून
मी त्यावर कळफलक काढला.
थंडीनं पेन तीनदा गोठलं.
शाळेची पाच यंत्रं आझांगारोच्या कचेरीत आहेत,
वायर पोचली की पाठवू म्हणतात.
चार वर्षांत इथे वारा आला, गारा आल्या,
एक निरीक्षक आला,
कोकाच्या पानांचा चहा पिऊन गेला.

मुलं पाळीपाळीनं बसायची.
नेलिदाची बोटं सगळ्यांत हलकी,
अल्पाकाच्या लोकरीतून कुसळं वेचणारी.
पुठ्ठा फाटू नये म्हणून
ती अक्षराला नुसती शिवायची, न बघता.
‘ल’च्या शेजारचा, डोक्यावर लाट असलेला ‘न’
तिच्या आडनावात होता. आन्यामुरो.
तोच आधी पुसला गेला.

परीक्षा हुलियाकाला, खऱ्या यंत्रावर.
पहाटे तीनच्या ट्रकनं गेली,
बटाट्यांच्या पोत्यांवर बसून.

रात्री परतली. मी काही विचारलं नाही.
तीच म्हणाली, चुलीकडे बघत,
“सर, कळ दाबावी लागते. खाली जाते ती.
पंधरा मिनिटं लिहीत होते मी, पडदा पांढराच.
शेजारचा मुलगा हसला नाही.
माझं बोट धरून त्यानं दाबलं.”
मग थांबून,
“हे सांगितलं नव्हतंत तुम्ही.”

मला माहीत होतं.
इतकं माहीत, की सांगायचं सुचलंच नाही.

सोमवारी ती वर्गात माझ्याआधी.
नवं खोकं, फाटक्या गादीतला स्पंज,
एकेका अक्षराखाली एकेक तुकडा.
दोन पोरं डिंक धरून उभी.

“दाब,” ती सगळ्यांत धाकट्याला म्हणाली,
“अजून. दुखेल असं दाब.”