ताण: एक पूर्णांक आठ टक्के

ब्रागाच्या प्रयोगशाळेत, तळघरात,
इदालिना प्लास्टिकची पट्टी वाकवते
स्क्रूच्या अर्ध्या आट्यानं.
पट्टीवर मॉलिब्डेनम सल्फाइडचा एकच थर,
तीन अणूंची जाडी. डोळ्यांना नुसता डाग,
तोही आहे म्हटलं तर.

लेझर पडतो, थर तांबडा उजळतो.
आणखी पाव आटा.
तांबडा सरकतो काळोखाच्या बाजूला:
इलेक्ट्रॉनला ओलांडायची ती फट
अरुंद झाली.
कुणी काही मिसळलं नाही, काढलं नाही.
फक्त ताणलं.

तिची आई गिमाराइशच्या गिरणीत
चौतीस वर्षं ताणा लावायची.
एखादा धागा बोटानं छेडून म्हणायची,
हा आज तुटणार.
इदालिनाकडे आलेख आहे.

दीड टक्का. एक पूर्णांक आठ.
उजेड मंदावतो, उडी आता सरळ उरलेली नाही.
ती श्वास धरते

आणि आलेख टुणकन मूळ जागी.

तुटलं नाही. निसटलं.
पट्टी अजून वाकलेलीच,
थरानं तेवढी पकड सोडली.

वहीत ती लिहिते: सात बावीस, घसरला.
रविवारी आईला सांगेल.
आई पहिलं हेच विचारेल,
टोकं बांधली होतीस का?