बाप्तिस्म्याचा रकाना

रजिस्टर मंडळीचं आहे, जाड पुठ्ठ्याचं,
आधीच्या पाळकांनी धुळ्याहून छापून आणलेलं.
नाव. बापाचं नाव. गाव.
आणि चौथा रकाना, बाप्तिस्म्याची तारीख.

त्या रकान्यात सलोमीबाई वळव्यांनी
लाल शाईनं लिहून ठेवलंय:
बी पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्ह. ए, पण पुन्हा विचारायचं.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी संतापलो.
बाई, म्हटलं, हे जीवनाचं पुस्तक आहे
की वाण्याची वही?
त्या सिव्हिलला तीस वर्षं नर्स होत्या.
आवाज चढवणाऱ्या माणसाची
त्या आधी जीभ बघतात, मग ऐकतात.
‘दुसरी वही नव्हती,’ म्हणाल्या,
‘आणि निम्मी पानं कोरीच होती, पाळकसाहेब.’

होती खरी.

डिसेंबरात नंदुरबारच्या पथारींवर मिरची वाळते.
वारा फिरला की अख्खी उपासना खोकते.
तिथे देठ खुडणाऱ्या बायांची काही पोरं
सावलीला बसून असतात, खेळत नाहीत.
डोळे हळदीचे. गुडघे धरलेले.
घरी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाखाली,
सिकलसेलचं पिवळं कार्ड.
सांधे पेटतात ते नेमकी रात्र बघून.
मग बाईंचा फोन:
एझ्रा, ऊठ. दानी, तुझे तीन महिने झाले ना?
आणि आमच्या गायनमंडळाचे दोन चांगले आवाज
एकाच मोटारसायकलवर, कानटोप्या घालून,
सिव्हिलकडे.
रविवारी सूर जरा उतरतो.
मी विचारत नाही.

मी त्या दिवसांत, सलग तीन रविवार,
दिवा मापाखाली ठेवू नये यावर बोलत होतो.
उपदेश चांगला झाला, असं सगळे म्हणाले.

धुडकू महाजन, पथारीचा मुकादम.
नाताळात आमच्या कर्ण्याविरुद्ध अर्ज त्याचाच,
सत्तावीस सह्यांचा, सुवाच्य अक्षरात.
फेब्रुवारीतल्या एका दुपारी चर्चच्या पायरीशी
चपला काढाव्यात की नको, या विचारात उभा.
‘मन्हं नाव बी लिखी ल्या, बाई.’
कशामुळे आला, ते त्यानं सांगितलं नाही.
सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर
कुणाच्या तरी लेकराच्या लाळेचा
सुकलेला डाग होता.
बाईंनी कर्ण्याचा विषय काढला नाही.
जेवलात का, म्हणाल्या. वजन किती?

वार्षिक अहवालात एक प्रश्न असतो:
यंदा किती जण जोडले गेले?
मंडळीत आम्ही एकशे बारा.
त्या वहीत, परवा मोजले, तीनशे चाळीस.
दोन मौलवीसाहेबांची मुलं आहेत,
एक फौजदार आहे, एक भगत आहे
जो अजून माझ्याशी बोलत नाही.
ती ओळ मी यंदाही कोरी सोडली.

पहिल्या रविवारी मी प्याला उचलतो,
अठरा वर्षं झाली,
आणि रक्ताविषयी बोलतो. आवाज आपोआप हळू होतो.
बाई नंतर ते चिमुकले पेले विसळत बसतात,
नळाच्या बारीक धारेखाली, एकेक करून.
गेल्या महिन्यात, मान वर न करता:
‘पाळकसाहेब, तुमचा गट कोणता?’

मला सुईची भीती वाटते.
हे मी कुठल्याही उपदेशात सांगितलेलं नाही.

वहीत माझ्या नावापुढे तारीख आहे,
निळ्या शाईत, माझ्या आजोबांच्या हातची.
तिच्या बाजूला बोटभर जागा उरली होती.

दंडावर कापूस दाबून मी एझ्राच्या मागे बसलो.
पथारीपाशी वारा अंगावर आला,
आणि मला खोकला आवरेना.
तो म्हणाला, घट्ट धरा,
पुढे रस्ता खराब आहे.