अकरा नंबरचं पातं

कळमन्यात पहाटे टरबूज निवडताना
मी ते ठोकून बघत नाही. ते गिऱ्हाइकाचं काम.
मी बूड बघतो.
जमिनीला टेकून वाढलं तिथला डाग
लोण्यासारखा पिवळा असला की घ्यायचं.
साल जाड हवी. नक्षी सालीतच असते,
गर नुसता मागचा रंग.

एकोणतीस वर्षं मी कॉलेजात
प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होतो.
झाडे. नुसतं झाडे.
झाडे, टाचण्या. झाडे, बेडूक आणा.
मेणाच्या ट्रेत चार पाय ताणून
उताणा टाचायचा.
आधी कातडी, चिमट्यानं उचलून.
मग स्नायू, आणि पोटावरच्या त्या निळ्या शिरेला
धक्का न लावता आत.
हे मला शिकवलं कोणी नाही,
रोज बघून बघून हाताला कळलं.

पाठराबे मॅडम नवीन आल्या
तेव्हा त्यांचा हात फार थरथरायचा.
पोरं यायच्या आधी, दार लोटून,
मी त्यांचा बेडूक उघडून ठेवायचो.
त्या यायच्या, चष्मा सारखा करायच्या,
नुसतं काडीनं दाखवायच्या: हे हृदय, हे यकृत.
पोरांना वाटायचं, काय साफ हात आहे.
आम्ही दोघं यावर कधीच बोललो नाही.
दिवाळीला त्या चिवड्याचा डबा द्यायच्या,
डबा परत मागायच्या नाहीत.

मग वरून कागद आला, बेडूक बंद.
ट्रेतलं मेण तडकत गेलं.
मीही सुटलो एक दिवस, शाल नारळ घेऊन.

भाचीच्या साखरपुड्यात
केटररचा पोट्टा गुलाब काढता काढता
बोट कापून बसला.
म्हटलं, दे बे इकडं.
तेव्हापासून हेच.

आज तीस एप्रिल. मनीषनगर, तिसऱ्या माळ्याची गच्ची.
पाठराबे मॅडम आज सुटल्या.
त्यांच्या बहिणीचा फोन होता: दोन हंस, एक टोपली,
संत्र्याच्या सालीचे दिवे पंचवीस.
संत्री कोल्ड स्टोरेजची, साल ढिली,
अंगठा घातला की कपडे काढल्यासारखी निघते.
डांगराची कमळं केली.
कूलर फुरफुरतो आहे आणि हंस तरीही
मानेतून मऊ पडत चालला आहे,
दात कोरायची काडी घालून ताठ केला.

हाताखालचा पोरगा म्हणतो,
"काका, काहून इतकं घोटून राहिले?
लोक खाऊनच टाकतीन ना."
बरोबर आहे त्याचं.
बेडकाचंही काय व्हायचं शेवटी?
बादली, फिनाइल, मागचा खड्डा.
पण चीर सरळ हवी.

सालीचा एक तुकडा उरला होता,
काळपट हिरवा, पांढऱ्या पोटाचा.
पातं अकरा नंबरचंच, लॅबमधून आणलेलं
(आणलेलं म्हणजे आणलेलं).
मागचे पाय दुमडलेले, पुढचे आखूड,
डोळ्यांच्या जागी दोन काळ्या बिया.
कोणाला न सांगता
पन्ह्याच्या मोठ्या भांड्यात सोडला.
तरंगला.

भाषणं झाली. प्राचार्य बोलले, लांब बोलले.
लोकांनी हंसाबरोबर फोटो काढले
आणि मग चमचे घेऊन त्याच्या पाठीवर पडले.

मॅडम पन्हं घ्यायला आल्या.
डाव बुडवला. थांबल्या.
माझ्याकडे पाहिलं नाही,
मी दिव्यांतल्या वाती सारख्या करत होतो.
दोन बोटांनी त्याला उचललं त्यांनी,
पन्हं मनगटावरून ओघळलं.
हात थरथरत होता, तसाच, अगदी तेव्हासारखा.
तळहातावर बसवला.

मी वाट बघत होतो,
आता उताणा करतील.

नाही केला.
पेपर नॅपकिनवर ठेवला, पायांवर,
तोंड गच्चीच्या कठड्याकडे,
आणि म्हणाल्या,
"झाडे, तुम्ही जेवलात?"