मोजदाद

सकाळी चहाआधी मी लेंड्या मोजते.
हसू नका.
चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये तपासणीच्या टेबलावर
अख्खे ताव डोळ्यांखालून घातले,
फुटलेला एखादा अंक
बोटांना आधी कळायचा, मग डोळ्यांना.
ती सवय कुठेतरी खर्च व्हायला हवी ना.

काल एकशे बारा. आज एकोणसाठ,
त्याही बारक्या, मिऱ्यांएवढ्या,
दोन-तीन केसात ओवल्यासारख्या.

चिवडा कोपऱ्यातून माझ्याकडे बघतो.
म्हणजे माझ्या आवाजाकडे.
उजव्या डोळ्यावर साय धरलीय,
डाव्यात अजून थोडी खिडकी आहे.

हा माझा नव्हेच.
देवळाली कॅम्पातल्या हवालदार बिश्तांची धाकटी, कमला,
बुटांच्या खोक्यातून घेऊन आली होती.
पांढरा, तपकिरी, मध्येच पिवळट, म्हणून चिवडा.
"आंटी, बस दो दिन."
वडिलांची बदली फिरोजपूरला.
त्या दोन दिवसांना मार्गशीर्षात नऊ वर्षं होतील.

तेव्हा हा पलंगावरून थेट शिवणमशीनवर,
हवेतच कंबर मुरडून उलटा.
चार्जरच्या वायरी, येवल्याच्या पैठणीचा काठ,
पेन्शनच्या फायलीचा कोपरा,
सगळं चाखून झालं.
कुकरची शिट्टी झाली की मागचा पाय आपटायचा, धप्प,
अख्ख्या बिळाला सावध करायचा.
बीळ म्हणजे मी.

आता कुकर शिट्ट्या मारतो, हा झोपलेला.
इतका गाढ की मी विळी थांबवून
त्याच्या नाकाकडे बघत राहते.
हललं.
मग पुढची भेंडी.

बिटको चौकापलीकडचे डॉक्टर गांगुर्डे
त्याला टॉवेलात गुंडाळून जबडा उघडतात.
दाढांना काटे आलेत, जिभेला टोचतात.
"ससा दुखणं दाखवत नाही, मावशी.
दाखवलं की कोणीतरी येऊन खातं,
हे रक्तातच असतं त्याच्या.
म्हणून रोज नीट बघायचं."
मी मान हलवली.
जिना उतरताना कठडा धरला,
कोणी बघत नाहीसं बघून.

शू-शीच्या ट्रेची एक कड करवतीने कापली,
आता तेवढा उंबराही चढवत नाही त्याला.
फरशीवर गोधड्या अंथरल्यात,
मागचे पाय सायकलच्या सैल स्टँडसारखे घसरतात.
कान धुवायला पंजा उचलतो
आणि अर्ध्यावर विसरतो.
मग ओल्या फडक्याने मीच पुसते, शेपटीखालीही.
पूर्वी चावायचा.
आता हनुवटी माझ्या मनगटावर टेकवून थांबतो.
हे प्रेम की थकवा?
असा ताव टेबलावर आला असता
तर शिक्का न मारता बाजूला काढला असता.

सिन्नर फाट्यावरची हौसाबाई
मला बघून कोवळ्या मेथीची जुडी शोधते.
गाजर बंद. द्राक्षाचा मणी महिन्यातून एक,
सोलून, चार तुकडे करून.
नाशकात राहून एवढं तरी हवंच.

पेपरात निफाडचा पारा चार पूर्णांक काहीतरी.
रात्री गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून
त्याच्या कुशीला लावते.
मोज्याचा दुसरा जोडीदार, दुसरी बाटली,
माझ्या गुडघ्याखाली.

परवा कमलाचा फोन आला.
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
"आंटी, वो अभी है?"
मी कॅमेरा फिरवला. तिला ओळखूच येईना,
पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता येतात.
ती त्याला हाक मारत राहिली,
आणि महिनाभर पडलेला डावा कान
अर्धा उठला.
किंवा मला तसं दिसलं. माझाही नंबर वाढलाय.

वहीत लिहिते: तारीख. एकोणसाठ.
मेथी निम्मी टाकली. पाणी ठीक.
शेवटच्या रकान्यात प्रेसमधला जुना शब्द,
फेरतपासणी.

साडेपाचला दवाखाना.
रिक्षावाल्याला आधीच सांगायचंय,
जेल रोडचे गतिरोधक जरा सावकाश घे बाबा,
मांडीवर म्हातारं माणूस आहे.